ग्रेडीच्या हनुवटीचा पट्टा

९ सप्टेंबर, शनिवार
आज मैदानात गेलो! म्हणजे अर्ध्यापर्यंत.

ग्रेडीला दोघांनी आडवा केला आणि त्याचं हेल्मेट गरगरत गेलं. नियम सरळ आहे – खेळताना ज्याचं हेल्मेट निघालं, त्याने पुढचा एक डाव, म्हणजे काही सेकंदांची एक चाल, बाहेर बसायचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून डाव चालवतो तो क्वार्टरबॅक; आमच्याकडे पहिला ग्रेडी, तो बाहेर बसला तर मी. कॉलेजची चार वर्षं बाक झिजवलाय, खेळलो एकदाही नाही. धावत सुटलो. मधल्या रेषेपाशी पोचतोय तोच कोच स्ट्रूव्हनी टाइमआउट घेतला. टाइमआउट खर्च केला की खेळाडू आत ठेवता येतो, हेही नियमातच आहे. मुकाट परत.

आईने फोटो काढलाय. परत येतानाचा.

३० सप्टेंबर, शनिवार
ग्रेडीचं हेल्मेट पुन्हा निघालं. पण समोरच्याने तोंडापुढची जाळी धरून ओढलं होतं. चूक त्यांची, म्हणून ग्रेडी आतच. माझा एक पाय कडेच्या रेषेपलीकडे गेला होता. "तो पाय मागे घे," कोच म्हणाले.

१४ ऑक्टोबर
हेल्मेट डोक्यावर. मी पाणी प्यायलो.

१३ नोव्हेंबर, सोमवार
आईचा फोन. शनिवारी माझा शेवटचा सामना, म्हणून गावाहून, ओगालालाहून, मावशी आणि चर्चमधल्या बायका व्हॅन भरून येतायत. माझ्या नंबरचे शर्ट छापून घेतलेत!

"आई, मी खेळणार नाहीये गं."

"काहीतरी होईलच रे. त्या ग्रेडीचं डोकं लहान आहे."

१५ नोव्हेंबर, बुधवार
सरावानंतर ग्रेडीचं हेल्मेट सहज हातात घेतलं. हनुवटीचा पट्टा पार सैल. गालांजवळच्या गाद्याच काढलेल्या! नुसता शिंकला तरी पडेल.

शनिवारी पडणार. आणि कोच तर मोजकेच मिळणारे टाइमआउट आधीच उधळून बसलेले असतात. एक डाव तरी माझा! मेसमधली खिमा-राजम्याची चिली दुप्पट खाल्ली, दालचिनीच्या रोलसकट.

१६ नोव्हेंबर
झोप लागली नाही. आधी वाटलं चिली बाधली. चिली नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या संघातला केसी हेल्मेट निघून उघड्या डोक्यावर आपटला. स्वतःच्या कुत्र्याचं नाव त्याला किती दिवस आठवत नव्हतं. आम्ही तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

ग्रेडी माझ्या खोलीत राहतो, घोरतो, न विचारता माझे मोजे घालतो. पण भावासारखा आहे, काय करणार.

त्याला म्हटलं, "पट्टा सैल आहे तुझा."

"घट्ट केला की डोकं दुखतं. तू तुझं बघ, टेट्या."

माझंच तर बघत होतो!

१७ नोव्हेंबर
हेल्मेटं सांभाळणाऱ्या ऑर्व्हिलकाकांना सांगून टाकलं. ते चष्म्यावरून बघत राहिले. "दुसरा क्वार्टरबॅक तूच ना? आणि तूच सांगायला आलायस?"

"हो. आवळा पटकन, माझं मन बदलायच्या आत."

आईला काय सांगू आता?

१८ नोव्हेंबर, शनिवार
मैदानात उतरतानाच ऑर्व्हिलकाकांनी गाद्या परत बसवलेलं हेल्मेट ग्रेडीला स्वतः चढवलं, पट्टा आवळला. तो तणतणत होता, माझ्याकडे बघून खाणाखुणा करत होता. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

अगदी शेवटच्या डावात कुणाचा तरी गुडघा थेट ग्रेडीच्या कानशिलावर बसला. वरच्या रांगेतल्या बायकांनाही आवाज ऐकू गेला. मी उभा राहिलो. हेल्मेट जागचं हललं नाही.

वेळ संपली. जिंकलो. मी खेळलो नाही. चर्चच्या बायका तरीही माझ्याच नावाने ओरडत होत्या. ग्रेडीला डॉक्टरांनी थांबवून घेतलंय.

१९ नोव्हेंबर, रविवार
ग्रेडी धडधाकट आहे. सकाळी आला आणि हेल्मेट माझ्या पलंगावर टाकलं. कानशिलापाशी बोटभर भेग.

"गाढवा, गाद्या मीच काढल्या होत्या. तुझ्यासाठी! पहिल्याच डावात पाडणार होतो. तुझ्या आईला व्हॅन भरून आणा म्हणून फोनसुद्धा मीच केला होता."

मला एकदम रडू आलं. दोघं त्या भेगेकडे बघत बसलो. मग तो माझे मोजे घालून नाश्त्याला गेला.