अंगठ्यात गेलेली सुई

बुधवार, दिवेलागण

राणी आमची वरातीची घोडी. माजावर आली का नवरदेवाले पाठीवर टिकू देत नाही, म्हणून बाबानं तिचा माज थांबवायची लस आणली. पहिली सुई मागच्या महिन्यात बाबानंच टोचली. दुसरी उद्या सकाळी.

आज जनावराचे डॉक्टर सांगून गेले, "पहिली सुई आंगाले फक्त तयार करते, खरं काम दुसरी करते. माणसाले चुकून दोन्ही टोचल्या तं पुढं लेकरं व्हायले अडचण येऊ शकते. मागच्या वेळी कोणाले टोचली तर नाही ना?"

टोचली होती. मी राणीले धरून होती, तिनं मान झटकली अन् सुई माह्या अंगठ्यात गेली. मी अंगठा ओढणीत लपवला. आजही नाही म्हणून मान हालवली. काहून लपवलं, मलेच कळत नाही.

बाबा हसले, "उद्या तूच धर वं. तुह्याशिवाय राणी उभी नाही राहत, लई लाडावली तू तिले."

अंगठा दुखत नाही, खूणही नाही. तरी दाबून पाहून राहिली.

शाळेतही असंच होतं, उत्तर येत असून हात वर नाही केला.

बाबा अंगणात राणीले खरारा करून राहिले. "बाबा, मले टोचली," एवढंच सांगायचं आहे. दोनदा दारापर्यंत गेली अन् पाणी पिऊन परत आली.