खाकी कोट

प्रिय सिमे,

फोन असताना आई पत्र लिहायला बसली म्हणून घाबरू नकोस. फोनवर माझ्या नुसत्या हॅलोवरून तू ओळखतेस की मी जेवले की नाही, आणि मग अर्धा तास रागावतेस. कागदावर थोडी थाप चालून जाते. अक्षर गावच्या शाळेचं आहे, ते राघवरावांना दाखवू नकोस. जावयापुढे सासूची अब्रू जेवढी उरली आहे तेवढी राहू दे.

थंडी यंदा फार आहे. सकाळी बाड्याच्या चौकातून टेम्पो पकडते तर धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, नुसती त्याची खोकल्याची उबळ ऐकू येते. घोड्यांच्या फार्मवर मात्र रविवारी अजून तशीच गर्दी. आपल्या लष्कर भागातली माणसं मुलाबाळांना घेऊन येतात, घोड्यावर बसून फोटो काढतात आणि उतरताना पाय लटपटले की माझ्याकडे रागानं बघतात, जसं काही घोडा मीच व्याले. परवा एका बाईनं विचारलं, अम्मा, इसमें बेल्ट नहीं है? मी म्हटलं, है ना, लेकिन घोड़े के लिए है, बैठने वाला अपने भगवान के भरोसे. एक नवरा-नवरी लग्नाआधीचे फोटो काढायला आले होते. नवरदेव एका बाजूनं चढला आणि दुसऱ्या बाजूनं सरळ खाली. मी मुलीला हळूच सांगितलं, देख ले बेटा, अजून वेळ आहे. आपल्या घरात सांगतात ना, खापरपणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून इथे आले. वंशातली मी सून आता त्यांच्या मागची लीद उचलते. तुझ्या बाबांना हे सांगितलं की ते म्हणायचे, लीद उचलणाऱ्यालाच घोडा ओळखतो, बसणारे काय, येतात आणि जातात.

बाबा गेल्यावर दौलतसिंह मालकांनी मला तबेल्यात त्यांच्या जागी ठेवलं, ते काही माझ्या हुशारीवर नाही. ठुमरीनं दाणा सोडला होता. बाबांची ती लाडकी घोडी, तुझ्यापेक्षा लाडकी, हे तू तोंडानं कबूल करत नाहीस पण तुला ठाऊक आहे. कोणी लगाम घेऊन गेलं की भिंतीला पाठ लावायची. मी गेले तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग तिथे खुंटीवर बाबांचा खाकी कोट लटकत होता, तो मी अंगात घातला. थंडी वाजत होती म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. ठुमरीनं मान फिरवली, जवळ आली, आणि खिशात तोंड घातलं. त्याच खिशात ते गूळ ठेवायचे. त्या दिवशी तिनं चणे खाल्ले. माझे डोळे मात्र कोरडे राहिले नाहीत.

तेव्हापासून तो कोट माझ्या अंगावर. तू म्हणशील जून महिन्यात पण? जून महिन्यात पण. ग्वाल्हेरचं ऊन तुला माहीत आहे. येणारे हसायचे, अम्मा को ठंड लग रही है. मी म्हणायची, फौज में हूँ, वर्दी उतारूँगी तो कोर्ट मार्शल होगा. तो कोट म्हणजे काय होता गं. विडी, कडूनिंबाचं तेल, घोड्याचा घाम, बाबांचा घाम. तबेल्याचा एक नियम आहे, घोड्याच्या अंगाशी जाणाऱ्या कापडाला साबण दाखवायचा नाही. खोगिराखालची घोंगडी उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, बस. घोडा डोळ्यांनी माणूस ओळखत नाही, नाकानं ओळखतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू जयेंद्रगंजात आत्याकडे राहून शिकलीस, तबेल्यापासून तुला आम्हीच लांब ठेवलं.

दिवाळीत तू आलीस आणि मला त्या कोटात बघून रडलीस. आई भिकारणीसारखी फिरते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी फराळाचे डबे पोचवून आले तर कोट दोरीवर वाळत होता. तीन पाण्यांतून काढलेला, फाटकं अस्तर शिवलेला, वरून तो निळ्या बाटलीतला फुलांचा वास. तू किती खुशीत होतीस. मी म्हटलं, वा, बाबा नवरदेव दिसले असते. खरंच म्हटलं होतं. मैलं दिसलं की मुलीनं धुवायचंच, मीच तुला तसं वाढवलं. तुझी यात काही चूक नाही, हे दोनदा वाच. जाताना तू बाबांचा मरून रंगाचा मफलर आठवण म्हणून मागून नेलास, तो मी घडी करून पिशवीत घातला.

ठुमरीनं तो कोट हुंगला आणि मागे सरकली. पुन्हा दाणा सोडला, गूळ पण घेतला नाही. मी काय काय नाही केलं. कडूनिंबाचं तेल चोळलं, कोट घालून तिच्या शेजारी गवतात लोळले. बाबांच्या ब्रँडच्या विड्या आणल्या आणि मागच्या दारी बसून ओढल्या, धूर कोटावर सोडत. पहिल्याच झुरक्याला डोळे बाहेर आले. नेमकं समोरच्या विजयाबाईंनी गच्चीवरून बघितलं. आता अख्ख्या खासगी बाजार मोहल्ल्यात मी विडी ओढणारी विधवा आहे. समोरून जाताना मी मुद्दाम खोकते, त्यांना बरं वाटतं. पण विडीचा वास येतो, माणसाचा येत नाही.

मग एका रविवारी तिनं बँकेतल्या एका साहेबांना पाडलं. हात मोडला. दौलतसिंह वाईट माणूस नाही. मला विचारलं, भाभी, क्या करूँ? मी काय सांगणार. जो घोडा खात नाही आणि बसू देत नाही, त्याला फार्मवर कोण ठेवतो. मालकांनी तिला विकलं, विटा ओढायला; भिंडकडचा वीटभट्टीवाला ट्रक घेऊन आला.

ती ट्रकात चढेना. चौघांनी ओढली, मागून काठ्या घातल्या. पायातून रक्त यायला लागलं. मला ते बघवेना. घोडा अडला की डोळे झाकून चढवतात, ते मला येतं, बाबांनीच शिकवलं. हाताशी दुसरं कापड नव्हतं. मी कोट काढला आणि तिच्या तोंडावर टाकला, बाह्या जबड्याखाली बांधल्या. सिमे, ती एकदम गप्प झाली. लांब श्वास घेतला. नाक कॉलरच्या आतल्या शिवणीत गेलं होतं. तिथे साबण पोचला नसेल. तिनं कान पुढे केले आणि फळीवरून टपटप चढून गेली, जसं काही बाबा वर उभे होते आणि बोलावत होते. ट्रक गेला. कोट तिच्या तोंडावर होता, काढायला मी वर चढलेच नाही. त्या वासावर तिनं भरवसा ठेवला, आणि तो कोट मी टाकला होता.

आता फार्मवर दुसरे घोडे आहेत, त्यांना मी चालते. लोक हसतात, मी हसवते, घरी येते. घरात तुझे बाबा कुठेच नाहीत. उशी, चादर, सगळं मी तेराव्यानंतर स्वतःच्या हातांनी उकळून घेतलं होतं, जसं करतात. कोट होता म्हणून तेव्हा काही वाटलं नाही. ठुमरीसाठी घालते असं मी सगळ्यांना सांगायची, स्वतःला पण.

म्हणून लिहिते. तो मरून मफलर तू अजून धुतला नसशील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून पाठवून दे. उघडून बघू नकोस, हवा लागते. आणि धुतला असशील तर तसं मला कळवू नकोस. पोस्टात हरवला म्हण. पोस्टवाल्यांना मी चार शिव्या देईन, आणि तुझ्यावर विश्वास ठेवीन.

तुझीच, विडीबाज
आई