जाळीवरचा नाडा

राजारामपुरी, कोल्हापूर
१७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांस, शि. सा. न. वि. वि.

मी इकडे बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि अव्वाला सांगितलं तर ती तुम्हाला ओरडून सांगताना अख्ख्या गल्लीला कळेल. म्हणून हे पत्र. आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

कारखान्यात मला तपासणीच्या टेबलावरून काढून प्रेस मशीनवर उभं केलं आहे. हात आत घालून पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरचा ठोकळा खाली आदळतो. पुढं लोखंडी जाळी असली तर हात आत जातच नाही, चिमट्यानं पत्रा सरकवावा लागतो. जाळ्या आहेत, पण कोपऱ्यात पडून. त्या लावल्या की माल कमी निघतो.

विजेवरच्या गाड्यांचे भाग बनवायला लागल्यापासून आमच्याकडचं ओतकाम कमी झालं. जड कामावरचे पुरुष गेले आणि पत्र्याच्या कामाला आम्ही बायका आलो. त्याच मशीनवर पुरुष असला तर तो ऑपरेटर, बाई असली तर हेल्पर. युनियननं दोनच मागण्या धरल्या आहेत, जाळी आणि ऑपरेटरचा दर्जा. मी घरोघर फिरून बायकांना सभासद केलं, त्याची ही बक्षिशी. सुपरवायझर बाळासो सगळ्यांसमोर म्हणाले की, बीएस्सी पोरगीला जरा मशीन कळू दे, भाषणाला बरं पडंल.

परवा शेजारच्या मोनाच्या हातमोज्याचं टोक ठोकळ्याखाली सापडलं. बोट वाचलं. तिला दुसरा मोजा दिला आणि मशीन चालू झालं. तेव्हापासून पेडल दाबण्याआधी मी दोन्ही हात डोळ्यांनी बघून घेते. पलीकडच्या मशीनवरच्या विठाबाई मावशी चिडवतात की, पोरी, हात काय नवीन घेतलेत व्हय, सारखी बघायलीस.

अप्पा, मला भीती वाटते. मशीनवर उभी राहणार नाही म्हटलं तर गेटच्या बाहेर. उभी राहिले तर पुढचं लिहवत नाही. दिवाळीआधी गेटसभा आहे आणि तिथं मी बोलावं असं ठरलं आहे. काय करू ते कळवा.

माया आहेच, ती सध्या थोडी जास्त लागते.
तुमची
सुष्मिता

*

मु. पो. ता. चंदगड
२३ सप्टेंबर

चि. सुष्मितास अप्पाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या अव्वानं इचारलं काय लिवलंय, मी म्हटलं पोरगी खुशाल हाय. तिला पटलं न्हाय. खोटं बोलताना माझा हात मिशीवर जातोय, हे तिला ठावं हाय.

मला इचारशील तर गावाला ये. हितं काजूच्या कारखान्यात काम हाय. बोटं काळी हुतात, पर जाग्यावर ऱ्हातात. माझे कान फौंड्रीत गेले ते हळूहळू, गेले कवा ते कळलंबी न्हाय. बोटाचं तसं नसतंय, ते एका दमात जातंय.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड तू पैलं बघितलंस. टोपी घातलेला तुझा फोटो भिंतीवर हाय, त्यात दोन्ही हातांनी सुरळी धरलीयास. आलंगेलं माणूस तुझं तोंड बघतंय, मी तुझं पत्र आल्यापासनं हातच बघतोय.

नाव पुढं करू नको. युनियनला माणसं लई हायत. मला लेक एकच हाय.

पाऊस सोडंना झालाय. म्हस गाभण हाय. उलट टपाली लिव.
तुझा
अप्पा

*

राजारामपुरी, कोल्हापूर
४ ऑक्टोबर

तीर्थरूप अप्पांस, शि. सा. न. वि. वि.

गावाला येत नाही, रागावू नका. माझे हात शाबूत आहेत, हे आधी सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन धुऊन पुजतात. त्या दिवसापुरत्या जाळ्याही लावतात, कारण पूजेचे फोटो गिऱ्हाईक कंपनीला जातात. दसरा झाला की जाळ्या पुन्हा कोपऱ्यात. पूजा मालकांच्या आई करतात आणि प्रत्येक मशीनच्या दांड्याला पूजेचा लाल दोरा, नाडा, बांधतात. यंदा ताट मी धरलं होतं. मी त्यांना म्हटलं की, आईसाहेब, यंदा जाळीसकट बांधा, आमच्या हातांची राखण ती करते. त्यांनी जाळी आणि मशीनच्या अंगाभोवती मिळून वेढे घातले, गाठ मारली, कुंकू लावलं. सगळ्या मशीनना. मी प्रत्येक मशीनपाशी ताट पुढं धरत गेले.

काल बाळासो पाना आणि कात्री घेऊन आले. नाडा तोडल्याशिवाय जाळी निघत नाही. त्यांनी मोनाला तोडायला सांगितलं. ती म्हणाली की माझी अडचण हाय, मला शिवायचं न्हाय. विठाबाई म्हणाल्या की घरात सून दिवसांत हाय, असलं काम मला सांगू नका. मग कात्री माझ्यासमोर आली. मला एकही सबब सुचली नाही. मी एवढंच म्हटलं की तोडणार नाही, मला भीती वाटते. खरंच तेवढंच खरं होतं.

बाळासोंनी स्वतः कात्री नाड्याला लावली. त्यांच्या मनगटावरही त्याच पूजेचा नाडा होता. हात तिथंच थांबला. शेवटी मालक आले, बघितलं, आणि म्हणाले की आईनं बांधलंय, दिवाळीपर्यंत राहू द्या. जाताना बाळासो माझ्या कानाशी म्हणाले की, दिवाळीनंतर नाडाबी न्हाय आन् तूबी न्हाईस.

मोनानं काल जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा मोजे काढून ठेवले आणि गप्पा मारल्या. पण संध्याकाळी एक मोटरसायकल बसमागून थेट राजारामपुरीपर्यंत होती. तिलाही कदाचित इकडेच यायचं असेल. मी एक थांबा पुढं उतरले आणि दवाखान्याच्या गर्दीत बसून राहिले.

कायद्यानं मिळायला हवं होतं ते दोऱ्यानं मिळालं, याचा मला आनंद नाही. दोरा कुजतो. म्हणून गेटसभेत बोलायचंच आहे, शुक्रवारी १७ तारखेला. रात्री झोप लागत नाही. पुन्हा गावाला ये म्हणून लिहू नका, नाहीतर मी ऐकेन.

दोघांच्या पायांवर डोकं ठेवते.
तुमची
सुष्मिता

*

मु. पो. ता. चंदगड
११ ऑक्टोबर

चि. सुष्मितास अप्पाचा आशीर्वाद.

अव्वाला सगळं सांगायचं ठरवलं आन् बसलो. तर तिनं दोन्ही पत्रं कवाच वाचलीती. मला म्हणाली, मिशी तेवढी सोडा आता.

ती मठात जाऊन नाड्याचं बंडल घेऊन आली, स्वामींचा हात लावून. सोबत पाठवलंय. पाडव्याला परत मशीनी पुजा आन् मालकाच्या आईच्या हातनंच बांधून घ्या. त्या म्हातारीला सांग, चंदगडच्या एका बाईनं पाठवलंय, लेकीच्या हातासाठी. बाईला बाईचं कळतंय.

तू म्हणालीस, गावाला ये म्हणून लिवू नका. न्हाय लिवत. मीच येतोय. शुक्रवारी पैल्या एसटीनं. मलाबी भ्या वाटतंय, गेटावर दांडगी माणसं असत्यात. पर तुझ्यामागनं मोटरसायकल आली, तर तिच्यामागनं म्हातारा असू दे.

भाषण मला ऐकू येणार न्हाय. चुकलीस तरी एक माणूस तुला हसणार न्हाय, असं समज. गर्दीत पिवळा पटका बघ, तो मी. भ्यालीस तर तिकडंच बघून बोल.

आन् बोलताना हात वर धर. दोन्ही. मला तेवढंच बघायचं हाय.

तुझा
अप्पा