तू पाठवलेल्या रेग्युलेटरविषयी

चि. गुंड्यास,

ताईचे आशीर्वाद; या वेळी जरा हात राखूनच देते आहे. तुझा रक्तदाब कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतोस ना? आईचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक कुणी नाही. मी संतापले आहे आणि त्या संतापात पहिला मान तुझा आहे.

आयुष्यभर लोकांचे दात उपटून झाल्यावर मी दवाखाना बंद केला आणि स्कूबा शिकायचं ठरवलं, तेव्हा आईला सोडून सगळ्या घराला सांगितलं आणि तू एकटाच ‘शिक ताई’ म्हणालास. मला किती बरं वाटलं होतं. त्याच भरात तू तुझा जुना रेग्युलेटर पाठवलास. (रेग्युलेटर म्हणजे पाठीवरच्या टाकीतली दाबून भरलेली हवा सौम्य करून आपल्या तोंडात सोडणारं यंत्र. हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) ‘अगदी नव्यासारखा आहे’ असं तू फोनवर म्हणालास, आणि मी मूर्खासारखी तो घेऊन तरणतलावावर गेले. आम्ही नवशिके काठावर ओळीने बसलो होतो, बाकीचे सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, उतरण्याआधी इथेच एकदा श्वास घेऊन बघा. मी छाती भरून श्वास ओढला आणि तोंडात माती आली. आतमध्ये कुंभारीण माशीने घर बांधलं होतं. इतकी वर्षं मी लोकांना ‘थुंका’ म्हणत आले, त्या दिवशी बाईंनी मला म्हटलं. मग आत बॅटरी मारून त्या शांतपणे म्हणाल्या, “यात कुणीतरी राहत होतं, ताई.” रबरही सगळं तडकलेलं. गुंड्या, माती खाल्लीस तू आणि आली माझ्या तोंडात. यापुढे तुझी एकही वापरलेली वस्तू या घरात येणार नाही, हे लक्षात ठेव.

मग आम्ही दुकानात गेलो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि तुझे भावोजी, ज्यांना बादलीत वाकून बघितलं तरी गरगरतं. विक्रेता तरणाबांड, केस चोपून बसवलेले, आमच्याच स्कूबा क्लबचा जुना सभासद. मी प्रश्न विचारायचा आणि त्याने उत्तर ह्यांना द्यायचं, असा सगळा मामला. हेही गंभीर चेहरा करून मान डोलवत होते, जणू रोज समुद्राच्या तळाशी जाऊन पेपर वाचतात. मी विचारलं, खोल गेल्यावर, टाकी संपत आली की हा ओढायला जड जातो का? तो ह्यांना म्हणाला, “यात निळा रंगही येतो.” मी विचारलं, याची दुरुस्ती इथे गावात कोण करतं? तो म्हणाला, “मॅडम, हा बिघडतच नाही.” अरे, मी लोकांच्या दाढा भरल्या, पण ‘ही निघणारच नाही’ असं एकाही माणसाला सांगायची माझी छाती झाली नाही. मी तिथून उठले. (हे थोडे मागे राहिले. त्यांना निळा आवडला होता.)

तेवढ्याने भागलं नाही. ह्यांनी मला न विचारता घरबसल्या एक मागवला, का तर त्याला पाचपैकी पाच तारे होते. ते तारे देणाऱ्यांचं म्हणणं मी नंतर वाचलं. एकाने लिहिलं होतं, ‘पार्सल वेळेवर आलं, खोका मजबूत आहे, अजून वापरला नाही.’ दुसऱ्याने तो जावयाला भेट दिला होता आणि जावयाची तक्रार नव्हती. दातांत धरायचा तुकडा एवढा मोठा, की घोड्यालाही ओकारी यावी. तो परत पाठवला.

शेवटी मी क्लबातल्या प्रत्येकाचा रेग्युलेटर मागून घेऊन (दर वेळी तोंडाचा तुकडा बदलून, मी दवाखाना सोडला, स्वच्छता नाही) तलावात बसून श्वास घेतला. लोक मला बघून वाट बदलायला लागले. पण त्यातूनच एक सापडला. दिसायला अगदी सामान्य, काळा. डोकं खाली केलं, आडवी झाले, तरी श्वास तसाच सहज. सुटे भाग इथेच मिळतात. तसाच नवा घेतला आणि जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची पिवळी जादा नळी त्यावर वेगळी बसवून घेतली.

आणि आता खरं ऐक. गेल्या रविवारी जुन्या दगडाच्या खाणीतल्या पाण्यात आमची पहिली खरी बुडी होती आणि जोडीदार म्हणून मला मिळाला तोच विक्रेता. पाणी खाली फारच गार. आम्ही तळाजवळ असताना त्याच्या निळ्या रेग्युलेटरमधून एकदम हवा सुटली, थांबेचना. चहूकडे नुसते बुडबुडे. त्यातून त्याचे डोळे दिसले आणि ते मी लगेच ओळखले. दाढ काढायच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे. मी पिवळी नळी त्याच्या तोंडात दिली, त्याचा पट्टा घट्ट धरला आणि बाईंनी शिकवलं तसं सावकाश, सावकाश वर आणला. मनात मी त्याला इतकं बोलत होते, की भीतीला जागाच उरली नाही. वर आल्यावर कळलं, या शहाण्याने स्वतःचा रेग्युलेटर कधी तपासायलाच दिला नव्हता. बिघडत नाही ना. काठावर बसून त्याने आधी तो निळा रेग्युलेटर बाजूला ठेवला. मग म्हणाला, “तुम्ही दुकानात काय विचारत होता, मॅडम?” आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला. मी सगळं पुन्हा विचारलं. त्याने एकेक प्रश्न नीट ऐकला.

तब्येतीला जप. राग कायम आहे.

तुझी,
ताई

ता. क. आईला यातलं काही माहीत नाही. मी गुडघ्यांसाठी पोहायला जाते असं तिला वाटतं. ती तुझ्याकडे आहे, तेव्हा बेताबेताने तूच सांग. खाण आणि हवा सुटणं वगळ.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन आला. ह्यांनी तिला सगळं सांगून टाकलंय, खाणीसकट. मी ओरडा खायला तयार होऊन बसले होते. तिने एवढंच विचारलं, “खाली काय दिसलं गं?” आणि गुंड्या, मला सांगता येईना. एक मासा होता, चपटा, करडा, आमच्याकडे टक लावून बघत होता, एवढंच आठवलं. ती म्हणाली, “मला दाखव.” तर तुझा तो पाण्यात चालणारा जुना कॅमेरा लगेच पाठवून दे.