लोर्नासाठी कोमट पाणी

रविवार, ३ फेब्रुवारी
ठरलं. ईस्टरला लोर्नाचा बाप्तिस्मा, जूनमध्ये आमचं लग्न. लोर्नाला अजून सांगितलेलं नाही. अडचण एकच, ती देव मानत नाही. बाकी बाई सोन्यासारखी. गावात जनावरांची डॉक्टर एकटी तीच. तिचं म्हणणं, तू चर्चला जा, मी गोठ्यात जाते, दुपारी एकत्र जेवू. आज मी जेवणाआधीची प्रार्थना संपवेपर्यंत तिने काटा खाली ठेवला. म्हणजे निम्मं काम झालंच.

शनिवार, ९ फेब्रुवारी
चर्चमधली बाप्तिस्म्याची टाकी, माणूस अख्खा बुडेल एवढी, भरणं-उपसणं माझ्याकडे. हार्डवेअरचं दुकान आहे ना, मग नळ-पाइपही माझ्याच गळ्यात. हीटर दुरुस्त केला. लोर्नाला गार पाणी सोसत नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
लोर्ना रडली. धाकटा भाऊ कॅल सोळाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेला. तेव्हा तीही चर्चला जायची. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, आणि तो गेल्यावर कोणीतरी तिच्या आईला म्हणालं, तुमचाच विश्वास कमी पडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणाली.
गप्प बसायचं ठरवलं होतं. तरी बायबलमधली दोन वचनं म्हटलीच. तिने हात काढून घेतला. रुमाल हवा असेल.

बुधवार, २० फेब्रुवारी
प्रार्थनासभेत उभा राहिलो. तिचं नाव घेतलं नाही. "आपली जनावरांची डॉक्टर" एवढंच म्हटलं. कॅलचंही सांगितलं; नेमकं माहीत असलं की प्रार्थना नेमकी होते.
नंतर प्रार्थनेच्या विनंत्या कळवायची फोनची साखळी. पास्टर डोरिसकाकूंना कळवतात, काकू मला, मी आर्डिथवहिनींना. काकू ऐंशीच्या. फोनवर पलीकडे कोण आहे याची फिकीर नाही, कागद धरून वाचतात. माझीच विनंती मला वाचून दाखवली. नियम म्हणजे नियम. मी पुढे कळवली.

शुक्रवार, १ मार्च
किराणा दुकानात आर्डिथवहिनींनी लोर्नाचा हात धरून सांगितलं, कॅलचं जाणं देवाच्या योजनेतच होतं. लोर्ना तशीच माझ्या दुकानात आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"ते मी तुला सांगितलं होतं, डेल्मर. गावाला नाही. तुझ्या देवालाही नाही."
मी म्हटलं, अगं, प्रार्थनाच तर केली. मी तिला जेवण भरून दिलेलं माझं कॅसरोलचं भांडं तिने काउंटरवर ठेवलं. घासूनपुसून, तळाला माझ्या नावाची पट्टी तशीच. आणि गेली.
राग आला म्हणजे काळीज हललं. लक्षण चांगलं आहे.

रविवार, १७ मार्च
फोन उचलत नाही. गाई विण्याचे दिवस. कामात असेल.

शनिवार, ६ एप्रिल
टाकी भरली. पास्टर म्हणाले, अरे, उद्या कुणाचाच बाप्तिस्मा नाही. म्हटलं, तयारी असलेली बरी. हीटर चालू ठेवला.

ईस्टर
शेवटच्या गाण्यापर्यंत दाराकडे बघत होतो. दुपारी तिच्या घरी गेलो. दारावरची पाटी काढलेली. शेजारी म्हणाला, ओमाहा शहरात नोकरी धरली, गुरुवारीच गेली. तुला माहीत नाही?
चर्चमध्ये परत आलो. टाकीत हात घातला. पाणी अजून कोमट होतं. तिथेच बसून रडलो.

सोमवार, ८ एप्रिल
टाकी उपसली. संध्याकाळी डोरिसकाकूंचा फोन.
"एका भावासाठी प्रार्थना करायची आहे," काकू वाचत होत्या. "डेल्मर. त्याची बाई सोडून गेली. बिचारा टाकी भरून बसला होता."
बरं, म्हटलं. साखळी तोडायची नसते. आर्डिथवहिनींना फोन लावला, सगळं जसंच्या तसं सांगितलं.  त्यांनी विचारलं, काय मागायचं? ती परत यावी म्हणून?
म्हटलं, नको. तिच्यासाठी काही मागू नका. तिला आवडत नाही.
आणि तुझ्यासाठी रे?
म्हटलं, बघा, तुम्हाला सुचेल ते.