मेंढीच्या बदल्यात जावई

मेहुणे रामेश्वरराव यांस,

तुमच्या बंकटदाजीचा मेंढरांच्या गराड्यातून रामराम. तुमची आखडलेली मान आता दोन्ही बाजूंना वळत असेल, लेकरं आणि म्हैस खुशाल असतील, अशी आशा आहे. मीही खुशाल आहे. (तुमच्या मातोश्री वेगळं सांगतील.) फोन गाडीत राहिला आणि नंबर एकाचाही पाठ नाही, म्हणून सीताफळाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहितो आहे. गुफरानभाईंचा टेम्पो फळं घेऊन अंबाजोगाईला निघालाय, त्यांच्या हाती हे देतो. त्यांना चहा पाजा.

लग्न झाल्यापासून तुमच्या बहिणीचं, उज्ज्वलेचं, एकच म्हणणं होतं, की डोंगरातली जुनी गावं एकदा निवांत बघायची. म्हणून मी जुनी मोटार घेतली, मातोश्रींना मागं बसवलं आणि वडवणीहून धारूरमार्गे तुमच्याकडं निघालो. आता निवांत म्हणजे निवांतच. (उज्ज्वला याला भित्रेपणा म्हणते. तुम्ही गाडी चालवता तेव्हा ती डोळे मिटून बसते, हे मात्र तुम्हाला सांगत नाही.) धारूरच्या घाटात म्हाळू धनगराचा कळप मागून आला आणि आम्हाला ओलांडून पुढं गेला. मातोश्री म्हणाल्या, "जावईबापू, गाडी चालवायलाव का नवरदेव मिरवायलाव?" आणि चालत्या गाडीतून उतरून कळपाबरोबर निघून गेल्या. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा त्या पुलाच्या कठड्यावर बसून म्हाळूची भाकरी खात होत्या.

म्हाळूची एक मेंढी लंगडत होती. मातोश्रींनी परस्पर शब्द दिला, की हिला पुढच्या मुक्कामाला आम्ही पोचवतो. मेंढी मागच्या सीटवर चढली आणि मातोश्रींच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. धारूरच्या किल्ल्यापाशी गाडी थांबवून मी बुरुजांची माहिती सांगू लागलो, पण ती फक्त मेंढीनं ऐकली. मातोश्री उज्ज्वलेला विचारत होत्या, "ह्यातला क्लच कोणता गं?" मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

केजच्या रस्त्याला एका चढावर गाडी बंद पडली. चाकामागं दगड लावायला मी उतरलो आणि वाकलो, तोच इंजिन धडाडलं. बघतो तर स्टेअरिंगवर मातोश्री! (मामंजी गेल्यावर शेतात ट्रॅक्टर त्याच चालवायच्या, हे सोयरीक जुळवताना तुम्ही कोणीच बोलला नाहीत.) "थांबले तर पुन्हा बंद पडंल! तुमी या मागून!" एवढं ओरडून त्या चढ चढून दिसेनाशा झाल्या. मी हातात दगड घेऊन उभा. उज्ज्वलेनं निदान हात तरी हलवायचा की नाही? लई वाईट वाटलं.

पाठोपाठ म्हाळू आला. "माझी मेंढी कुठं हाय?"

"गेली," मी म्हणालो.

"मंग तुमी कुठं निघालाव? ती येईस्तोवर तुमी हितंच."

तेव्हापासून मी मेंढीच्या जागी आहे. संध्याकाळी म्हाळू कळप मोजतो, त्यात मलाही धरतो. थंडीला घोंगडी दिली आहे.

मातोश्रींना दंडवत, उज्ज्वलेला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आपला दाजी,
बंकट

ता. क. : मुख्य काम हे, की गुफरानभाईंच्या टेम्पोत मेंढी तेवढी घालून द्या. गाडीचं नंतर बघू.

ता. क. दुसरा : मेंढी नको. गुफरानभाई खोकी भरत होते तेवढ्यात आपलीच गाडी आली. मातोश्रींनी मेंढी म्हाळूच्या हवाली केली, मग डोक्यावरून घोंगडी घेतलेल्या माझ्याजवळ येऊन विचारलं, "पाव्हणं, आमचे जावई दिसले का हो? चष्मेवाले, बारीक हायत, जरा भित्रे." म्हाळू आभाळाकडं बघू लागला. माझा हात आपोआप धारूरच्या दिशेला गेला. उज्ज्वला काचेतून माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "चल आई, हितं न्हाईत ते."

पुढच्या फेरीला गुफरानभाईंकडं माझ्यासाठी पायातलं काही तरी पाठवा. कळप उद्या डोंगरात जाणार आहे.