व्यायामाला इतकी नावं कशाला

नाशिक, मंगळवार, ५ जून २००१

प्रिय भाग्यश्री,

तुझ्या दोन्ही पत्रांना मी उत्तर दिलं नाही. तिकडे सुरगाण्याच्या शिबिरात मुलांना पळायला शिकवताना तू टपालाची वाट बघतेस, हे ठाऊक असूनही दिलं नाही. माफ कर. दोन्हींत तू एकच विचारलंस, पुण्याचं काही आलं का. त्यावर येतोच.

तू अर्ज केलास त्या पुण्याच्या संस्थेचं माहितीपत्रक मला पहिल्यापासून खटकत होतं. फिजिकल एज्युकेशन समजलं, आमच्या कॉलेजातही पीटीचे सर होते. पण त्याखाली स्पोर्ट्स सायन्स, एक्सरसाइज फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स, किनेसिऑलॉजी. एका व्यायामाला इतकी नावं कशाला? इथे द्वारका चौकात एकाच गाळ्यावर दरवर्षी नवी पाटी लावणारे क्लासवाले मी पाहिलेत. डिक्शनरीत निम्मे शब्द सापडले नाहीत, तेव्हा संशय पक्का झाला. डिक्शनरी माझ्या बी.कॉम.च्या वेळची, पंचवीस वर्षांपूर्वीची, हे मनात आलं नाही. तुझी आई म्हणाली, "भरवसा शब्दांवर नाही, की पोरीवर?" मी म्हणालो, शब्दांवर नाही. डायरीतही तसंच लिहिलं.

काल मार्केट यार्डात काकडीने भरलेली प्लास्टिकची जाळी उतरवताना कमरेत चमक भरली. गेणू हमाल हसला. "आप्पा, पाठीनं उचलता व्हय? गुडघ्यात बसा, जाळी पोटाशी घ्या, मंग उठा. लय शिकलेले ना तुम्ही?" मी बाजूला बसून त्याला बघत राहिलो. घरी येऊन माहितीपत्रक पुन्हा काढलं. प्रत्येक नावाखाली दोन ओळी होत्या. मी ठळक अक्षरंच वाचली होती. गेणूच्या कुठल्या सांध्यावर किती भार येतो, ते बायोमेकॅनिक्स. पन्नासाव्या जाळीला त्याचा श्वास किती चढतो, कधी उतरतो, ते एक्सरसाइज फिजिऑलॉजी. मुळात अंग हलतं कसं, ते किनेसिऑलॉजी. हे सगळं खेळाडूच्या कामी लावायचं, ते स्पोर्ट्स सायन्स. दहावीत तुझा गुडघा दुखावला, तेव्हा मी नशिबावर ढकलून मोकळा झालो. पळताना तुझं पाऊल कसं पडतं, हे कुणी बघितलंच नव्हतं.

मग डायरी उघडली. २४ मे: 'पुण्याचं पत्र आलं. भाग्याला ८ जूनला मुलाखतीला बोलावलंय. आधी चौकशी करतो, मग तिला कळवतो.' पुढच्या बारा दिवसांत चौकशीची एकही नोंद नाही. मी कुणाला विचारलंच नाही. संस्था खरी निघाली असती, तर तुला पाठवावं लागलं असतं. पाकीट अजून त्याच पानात आहे. मुलाखत शुक्रवारी आहे. शिबिरातला फोन बंद आहे आणि टपाल वेळेत पोहोचणार नाही. तोंडाने हे सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिलं. तू वाचशील तेव्हा मी समोरच उभा असेन. काय बोलायचं ते बोल.

तुझाच,
आप्पा

डायरी, ५ जून. उद्या: सुरगाण्याची पहिली जीप पकडणे.